नवसी कुणाची नक्कल करते

शेवट काय होईल, सांग बघू आधीच. सांगितलास तर माजी ही ताडी तुजी. नाय सांगता यायचा तुला. बस, दिवा जरा जवळ घे.

तारापूरला ते मोठं सरकारी काम निघालं ना, तवाची गोष्ट. आमची टोळी पालघरकडं माळावर गवत कापायला जायची. बुधा मुकादम. टोळीत सुका आन त्याची बायको नवसी. सुक्याला उजवा अंगठा नव्हता, गठ्ठे बांधायच्या यंत्रात चेंगरून गेलेला.

नवसीची खोड न्यारी. समोरच्यानं कान खाजवला की हिचा हात कानाला. रडायची, पण हात ऐकायचा नाय. बुधा मुद्दाम तिच्यासमोर जेवायला बसायचा आन मधीच हात झटकायचा. हिची भाकर मातीत. टोळी पोट धरून हसायची.

एक सकाळी सुका उठलाच नाय. मण्यार चावलेली. अंग गार, डोळे अर्धे मिटलेले.

"दिवस बुडायच्या आत उरका," बुधा बोलला. "उद्या कापणी हाय."

नवसीला मड्यासमोर बसवली. बुधा बोलतो, "आता बघा, मड्याची नक्कल करते का!"

नवसी ताठ झाली. जबडा लोंबला. कोणतरी फिसकन हसलं. मग तिचा उजवा हात जरासा उचलला.

"मुकादम... मी नाय करत. तो हालला."

"अगो, मीच हात हालवला," बुधा हसला.

मी बुधाच्या पाठीमागंच होतो. त्याचे दोन्ही हात कमरेवर मागं बांधलेले. आन नवसीचा अंगठा तळव्यात मुडपलेला.

"तो जिता हाय रे... थांबा..."

कोण थांबतो? हिचं सगळं हसण्यावारीच गेलेलं.

आग लागली. ओल्या लाकडाचा धूर, मग तो दुसरा वास. लांब उभी नवसी एकदम खाली पडली, गुडघे पोटाशी, मुठी तोंडाशी.

"शिरा आकसतात," बुधा बोलला. कुणाच्या, ते नाय बोलला.

त्यानंतर जित्या माणसाची नक्कल तिनं सोडली. बुधानं कितीदा हात झटकला, ही आपली गुमान खात बसायची. पण तिन्हीसांजेला बुधाच्या झोपडीसमोर जाऊन उभी राहायची. दारात कोण नाय. आन ही हात हालवून बोलवायची, ये... ये... अंगठा मुडपून.

"कुणाकडं बघतेस गो बाय?"

"दारात उभा हाय ना... मुकादमाला बोलावतो."

बुधा आतनं कडी लावून घ्यायचा.

एक सांजेला तिनं दोन्ही हात पुढं केले. हवेत कायतरी धरलं आन दाबत राहिली. हळू... हळू... घामानं निथळली, पण हात सुटेनात. सुटले तवा आमी दार मोडलं.

बुधा एकटाच होता. जीभ बाहेर.

हरलास ना पैज? आता शेवटचं ऐक. त्याच्या गळ्यावर दोन हातांचे वळ होते. अंगठा एकाच हाताचा.