मामाचा जुना नंबर

मांजरसुंब्याच्या चौकात रिचार्जची दुकानं काही कमी नाहीत, पण बजरंग जायचा तो बद्रीनाथच्या टपरीवरच. बद्रीनाथ गिऱ्हाइकाला नावानं हाक मारायचा. "या बजरंगराव, संपला वाटतं महिना," असं लांबूनच म्हणायचा, नंबर न विचारता रिचार्ज मारायचा आणि "आता बघा निवांत पिच्चर," म्हणून फोन हातात द्यायचा. दिवसभर ढाब्यावर रोट्या भाजणाऱ्या माणसाला 'राव' म्हणणारा चौकात दुसरा कुणी नव्हता. ढाब्याच्या मालकाला त्याचं नाव धड ठाऊक नसावं. तो 'ए रोटीवाले' अशीच हाक मारायचा.

रोजचा दीड जीबी मिळायचा आणि रोज वाया जायचा. बजरंग पिक्चर बघत नसे. फोन मात्र भट्टीच्या कट्ट्यावर कायम समोर ठेवलेला असे, काचेवर पीठ साचेपर्यंत. कुणाच्या तरी फोनची वाट बघत होता म्हणा ना. गंमत अशी, की ज्यांच्या फोनची वाट होती त्यांच्याकडे हा नंबरच नव्हता, आणि तो द्यायचा नाही असं ठरवलं होतं ते ह्यानंच.

त्याचं असं झालं. गेल्या उन्हाळ्यात तलवाड्याला त्याच्या बहिणीच्या, म्हणजे मंगलच्या मुलीचा साखरपुडा होता. वैष्णवी त्याची एकुलती एक भाची. बजरंगला मूलबाळ नाही, बायको वारून बरीच वर्षं झालेली. ऊसतोडीहून परतला की तो आधी तलवाड्याला जायचा आणि पोरीला खांद्यावर बसवून गावभर मिरवायचा. "हिच्या लग्नात पहिला फेटा मामाचा," हे तो तेव्हापासून ज्याला त्याला ऐकवत आलेला. साखरपुड्याच्या दिवशी ऐनवेळी एक पुढारी आले, त्यांच्यामागं त्यांची माणसं आली, आणि मामाच्या वाटणीचा फेटा पुढाऱ्यांच्या ड्रायव्हरच्या डोक्याला गेला. बजरंग भर मांडवात बोडका उभा. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. तो न जेवता उठला, मिळेल त्या एसटीत बसला, मांजरसुंब्याला उतरला आणि तिथंच ढाब्यावर कामाला लागला.

मंगलचा फोन आला, पण उशिरा आला. तोवर राग आंबून गेलेला. त्यानं उचलला नाही. उमापूरहून, घरून, मायचा आला, तोही उचलला नाही. मग रिचार्ज संपला. तो मुद्दाम मारला नाही आणि बद्रीनाथकडून दुसऱ्या कंपनीचं नवं कार्ड घेतलं. आता बसा म्हणावं शोधत.

रुसणं सोपं असतं हो. समजूत काढायला कुणी येईपर्यंत दिवस काढणं अवघड.

संध्याकाळी गिऱ्हाईक थोडं थांबलं, की बजरंग घाटाच्या बाजूला जाऊन नव्या नंबरावरून स्वतःचाच जुना नंबर लावायचा. एक बाई सांगायची, 'आपण डायल केलेल्या क्रमांकाची सेवा तात्पुरती बंद आहे.' ते ऐकून त्याला बरं वाटायचं. माय हेच ऐकत असेल, मंगल हेच ऐकत असेल, ऐकून डोळ्याला पदर लावत असेल. त्या बाईच्या आवाजाची त्याला इतकी सवय झाली, की एखाद्या दिवशी लाइन लागली नाही तर घास गोड लागत नसे.

पावसाळा गेला, उसाचे टायरगाडे रस्त्यानं गेले आणि रिकामे परत आले. आणि एका संध्याकाळी बाई बोललीच नाही. रिंग वाजली.

"बोला," कुणीतरी म्हणालं.

बजरंगनं फोन कापला. मग त्याचं त्यालाच हसू आलं. दुसऱ्या दिवशी बद्रीनाथनं समजावून सांगितलं. "लई दिवस रिचार्ज न्हाई मारला की नंबर जातो बजरंगराव. कंपनी दुसऱ्याला देती. रिकामी खोली भाड्यानं देत्यात तसं." तरी बजरंगनं त्याच्याच फोनवरून कस्टमर केअरला विचारलं. बरीच बटणं दाबून झाल्यावर एक मुलगी आली, तिनंही गोड आवाजात तेच सांगितलं आणि विचारलं, "मी आपल्याला आणखी काही मदत करू शकते का?"

इतक्या आपुलकीनं त्याला कुणी विचारून किती दिवस झाले होते! त्याच्या तोंडून निघून गेलं, "तुमी जेवलात का?"

मग मुलगी म्हणाली, आपला दिवस शुभ असो.

त्यानंतर उमापूरचा प्रविण ढाब्यावर उतरला. प्रविण ट्रकवर ड्रायव्हर, बजरंगच्या घरासमोर राहणारा. त्याला बघून बजरंगनं तोंड वळवलं, पण प्रविणनं खांद्यावर हात टाकलाच.

"आरं, तू हितं कसा बे? मंजुळामाय तर म्हणत होती, लेकाचा रोज फोन येतो. लई बरं केलंस बघ. म्हातारीला दिसत न्हाई आता, पण फोन वाजला की लहान पोरीवानी उठून बसती."

"कोणाचा फोन?"

"तुझाच की! आन् मंगलताई बी सांगत हुती, दादा आता पैल्यासारखा तापट न्हाई ऱ्हायला म्हणून." प्रविणनं रोटीचा तुकडा मोडला, पण तो हातातच राहिला. बजरंगच्या तोंडाकडं बघता बघता त्याचं बोलणं मंदावलं. "तू बजाच ना रं?" असं त्यानं हसत विचारलं. हसू मात्र अर्धंच होतं. पैसे ठेवून तो लवकर निघून गेला.

बजरंगला संताप आला. हे कोण सोंग घेऊन माझ्या मायला फसवतंय? तो तिथंच, गिऱ्हाइकांसमोर, जुना नंबर लावून बसला.

"बोला."

"कोण बोलतंय?"

"बजरंग," तिकडून सहज उत्तर आलं.

"कुठला बजरंग?"

"उमापूरचा. तुमाला कोण पायजेल?"

आवाज परका होता. पण असा परका आवाज त्यानं पूर्वी कधीतरी ऐकला होता. कधी ते आठवायला थोडा वेळ लागला. वैष्णवीनं एकदा त्याचंच बोलणं मोबाइलमध्ये भरून त्याला ऐकवलं होतं आणि तो म्हणाला होता, हॅट, हा माझा आवाज न्हाई.

मागून मायचा खोकला ऐकू आला. आधी दोनदा बारीक आणि मग एक मोठा. तो खोकला बजरंगनं हजारात ओळखला असता.

मायचा नंबर त्याला पाठ होता. तो लावताना बोटं पिठानं घसरत होती.

"माय, मी बजा."

"कोण?"

"बजा. बजरंग. माय, त्यो माणूस खोटा हाय. कोण हाय त्यो तिथं?"

मंजुळाबाई अगदी हळू, दुसऱ्याच्या पोराला दुखवू नये अशा बेतानं बोलली, "बजा कालच घरी आलाय, हितंच बसलाय बाबा माझ्यापाशी. माझे पाय चेपतोय. तू कुणाचं लेकरू हायस? वाट चुकलास का?"

तिनं फोन ठेवला नाही. ठेवता येत नसावा. भांड्यांचा आवाज येत राहिला, कुणीतरी काहीतरी विचारलं, माय हसली. बजरंग ते ऐकत उभा होता. भट्टीत रोट्या जळाल्या, मालकानं शिवी घातली, तरी तो ऐकत उभा होता.

लग्न तलवाड्याला, गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात होतं. आमंत्रण कुणी दिलं नव्हतं, तारीख साखरपुड्यातच ठरलेली. बजरंगनं नवा सदरा घेतला, बीडची गाडी धरली, तिथून गेवराई, तिथून तलवाडा. रस्ताभर तो मनात भांडण घोकत होता. सगळ्यांसमोर त्याची गचांडी धरायची. मायच्या पायावर डोकं ठेवायचं. आणि वैष्णवीच्या मागं आपण उभं राहायचं. ती जागा मामाची. बाकी सगळं गेलं तरी चालेल, ती जागा कुणाला द्यायची नाही.

ऊन रणरणत होतं. कार्यालयाच्या दारात एक जण खुर्चीवर बसवून येईल त्याला फेटा बांधत होता. त्यानं बजरंगचा हात धरून खुर्चीवर बसवलं.

"कोणाकडचे पावणे?"

"मी नवरीचा मामा हाय."

फेटेवाल्याचे हात थांबले नाहीत. "चुलत का? सख्खे मामा तर तिकडं हायती," तो म्हणाला आणि मानेनं स्टेजकडं दाखवलं.

फेटा बांधून झाला. लाल, कडक, शेपूट पाठीवर सोडलेलं. ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं तो फेटा डोक्यावर चढला आणि बजरंगला तो जाणवलाही नाही.

स्टेजवर अंतरपाट धरलेला. वैष्णवी पाठमोरी होती, आणि तिच्या मागं, तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून एक माणूस उभा होता. फेटा लाल. डावा खांदा थोडा उतरलेला. उसाच्या मोळ्या वाहून वाहून बजरंगचाही तोच खांदा उतरलेला होता.

मंगलाष्टकं सुरू झाली. कुणीतरी बजरंगच्या मुठीत अक्षता दिल्या.

"मंगल!" त्यानं बाजूनं जाणाऱ्या बहिणीला हाक मारली. मंगल थांबली. एखाद्या पाहुण्याचं नाव आठवू नये तशी बघत राहिली.

"मी बजरंग."

"व्हय का!" ती ओशाळून हसली. "आमच्या दादाचं बी हेच नाव बघा. जेवल्याबिगर जाऊ नका." आणि ती पुढं गेली.

खिशातला फोन वाजला. जुना नंबर.

स्टेजवरच्या माणसाचे दोन्ही हात वैष्णवीच्या खांद्यांवर होते.

बजरंगनं फोन कानाला लावला.

"आलास? बरं केलंस," आवाज म्हणाला. "लई वाट बघितली तुझी."

शुभमंगल सावधान. अक्षता उडाल्या. अंतरपाट खाली आला.

मग त्या माणसानं मान वळवली.

बजरंगच होता तो. फक्त चांगला जेवलेला, रात्री नीट झोपलेला.

बजरंगची मूठ आपोआप उघडली आणि अक्षता त्याच्याच पायांवर सांडल्या. भांडण कुठल्या कुठं गेलं. गर्दीनं त्याला पंगतीकडं ढकलत नेलं. पत्रावळीवर बुंदी पडली, वरण पडलं. मंजुळाबाई कुणाचा तरी हात धरून पंगतीतून फिरत होती, लेकीच्या घरचं कार्य म्हणून आग्रह करत. बजरंगपाशी तिचा हात चाचपडत त्याच्या डोक्यावर आला, फेट्यावर थांबला, तिथून गालावर उतरला. गाल ओला होता.

"माय," तो म्हणाला.

तिनं अंगठ्यानं तो गाल पुसला.

"जेवा पावणं," ती म्हणाली. "लाजू नका."

तो जेवला. काय करणार? साखरपुड्याचं ते जेवण राहिलेलंच होतं.

आता रोज संध्याकाळी ढाब्यावर फोन वाजतो. एकच नंबर येतो. मायनं आज काय खाल्लं, वैष्णवी नव्या घरी रुळली, घराचा एक पत्रा उडाला होता तो नवा टाकला, असं सगळं तो आवाज सांगतो. शेवटी विचारतो, "तू जेवलास का?" पहिल्यांदा बजरंगनं शिव्या दिल्या. पुढं पुढं नुसता हुंकार द्यायला लागला. आता तो वेळ झाली की हात धुऊन बसतो. दुसरं विचारणारं कोण आहे त्याला?

काल आवाज म्हणाला, "माझा रिचार्ज उद्या संपतोय. हितलं दुकान बंद हाय. तू मारशील का?"

बजरंग रात्री खाटेवर विचार करत पडला. नाही मारला तर? नंबर पुन्हा बंद पडेल. तो माणूसही कदाचित जाईल, आला तसा. घर रिकामं होईल, जागा मोकळी होईल. मग त्याच्या डोळ्यांपुढं माय आली. अंगठ्यानं बटण चाचपून दाबणारी, फोन कानाला लावून हसऱ्या तोंडानं वाट बघणारी. आणि तिच्या कानात ती बाई बोलायला लागली. आपण डायल केलेल्या क्रमांकाची सेवा.

सकाळी तो टपरीवर गेला. बद्रीनाथ काउंटर पुसत होता. त्यानं मान वर केली.

"या पावणं," तो म्हणाला. "कुठला नंबर?"

बजरंग जरा थांबला. चेष्टा असेल, आता हसेल, म्हणून. बद्रीनाथ फडकं हातात घेऊन गिऱ्हाइकाकडं बघावं तसा बघत होता.

बजरंगनं जुना नंबर सांगितला.

"कोणाचा म्हणायचा हा?"

"उमापूरला बजरंगराव हायती एक. त्यांचा."

"तुमचे कोण?"

"कुणी न्हाई," तो म्हणाला. "नुसती वळख हाय."