सवतीची लाइन

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. हे माझ्याच घरात घडलंय. सुरतमध्ये, बमरोलीला. दिवाळीच्या आधीच्या रविवारी, भर दुपारी.

मी अश्विनी. किरणची दुसरी बायको.

पहिली हर्षदा. दोन वर्षांपूर्वी तापाने गेली. ती फोनवर लाइव्ह येऊन साड्या विकायची. मी आले, फोनवर ऑर्डरी घेऊ लागले, तरी गिऱ्हाइकांचं एकच, "हर्षदाताईंची सर नाही." मेल्या म्हशीला मणभर दूध! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्या रविवारी माझा पहिला लाइव्ह होता. या घरात आता माझी जागा करायचीच, असं ठरवून मी नवीकोरी जांभळी साडी नेसले.

लाइव्ह सुरू केला... आणि चित्र गोठलं.

"नेट स्लो झालंय," किरण म्हणाले. "हर्षदाच्या वेळी असं कधी झालं नाही."

झालं! मिरच्या झोंबल्या मला. लग्नाआधी मी कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यांत नेटवर्कचंच काम करायचे.

आमच्याकडे फायरवॉल आहे. बाहेरची लाइन आधी त्या डब्यात येते, मग सगळ्यांना वाटली जाते. मी लाइन थेट लॅपटॉपला जोडली. पूर्ण स्पीड. डब्यातून घेतली... मुंगीची चाल. केबल बदलली. तेच.

म्हणजे दोष डब्यात होता.

डब्याची सेटिंग उघडली. सगळी लाइन एकटा एकच फोन ओढत होता.

त्याचं नाव... हर्षदा.

ती असताना किरणनी या सेटिंगमध्ये तिच्या फोनला पहिला मान दिला होता. तिचं पोट भरलं की उरेल ते बाकीच्यांना. मला कधी दिला होता का असा मान?

पण तो फोन तर कपाटात पडून होता.

मी कपाट उघडलं. फोन गार. बॅटरी फुगून मागचं झाकण निघालेलं.

रविवार म्हणून आजूबाजूचे यंत्रमाग बंद होते. घरात आवाज नव्हता. आणि स्क्रीनवर तिच्या नावापुढचे आकडे वाढतच होते...

मी रागाने तिचं नाव काढून टाकलं.

ते परत आलं. सगळ्यात वर...

"तू नवी साडी नेसनी, तिले दखाडी का?"

मी दचकले. दारात सासूबाई होत्या, धुरपदाबाई.

"पहिलीले तिना मान देना पडस, माय."

दात-ओठ खात मी साडी बदलली. जांभळी साडी देवघरात हर्षदाच्या नावाने केलेल्या चांदीच्या टाकापुढे ठेवली, हात जोडले, परत नेसले. कॅमेऱ्यासमोर बसले.

चित्र एकदम स्वच्छ आलं.

पण माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. मी नुसती साड्या उलगडत राहिले... आणि ऑर्डरी येत राहिल्या.

संपल्यावर किरण बाहेरच्या खोलीतून धावत आले. हातात फोन, डोळे भरलेले.

"काय बोललीस गं! अगदी तिच्यासारखी."

मी एक अक्षर बोलले नव्हते.

आता दर रविवारी लाइव्ह होतो. नेट कधीच अडकत नाही. मी समोर बसते, बोलते ती. कोणाला सांगू?

आणि किरण... सोमवारपासूनच रविवारची वाट बघतात.