उसने जागेपण

निद्राज्वराच्या साथीनंतर जाग येणे आपोआप घडेनासे झाले. साथीतून वाचलेल्यांचा मेंदू झोपेत शिरे, पण परतीची वाट विसरे. म्हणून त्यांच्या कानामागे एक चिप बसवत. तिला ‘प्रबोधक’ म्हणत. सकाळी ती मेंदूला ओळख करून देई: हा श्वास, हा देह, हे तुझे नाव. मग उरलेले आयुष्य मेंदू स्वतःच उलगडत जाई. जुन्या घरगुती संगणकांतही असेच असे. बटण दाबताच चिपमध्ये कोरलेल्या थोड्या ओळी आधी जाग्या होत, यंत्राची चाचपणी करत आणि मगच मोठ्या प्रणालीच्या हाती कारभार सोपवत. त्या ओळी बिघडल्या, की धडधाकट यंत्र म्हणजे नुसता पत्रा.

अच्युतने आपल्या प्रबोधकातल्या नेमक्या त्याच ओळींना हात लावला होता.

“चाचपणीत वेळ फुकट जातो म्हणे,” साताऱ्याच्या दुरुस्ती केंद्रात नवऱ्याच्या खाटेशी उभी असलेली मृदुला म्हणाली. “स्वतःच बदलायला बसला. लिहिणं अर्धवट असताना वीज गेली.”

“हौशी नवरा म्हणजे घरात माकड पाळणं, वहिनी,” अभियंता रेणुका आठल्ये म्हणाली. “त्यात मॅन्युअल वाचलेलं माकड.” मग तिचा आवाज उतरला. “कंपनी बुडाली, नवी चिप मिळणार नाही. संध्याकाळपर्यंत ते उठले नाहीत, तर पुन्हा कधीच उठणार नाहीत.”

“काहीच मार्ग नाही?”

“एक जुनी क्लृप्ती आहे. चालू संगणकातून चांगली चिप काढायची. तो बंद पडत नाही. एकदा जागा झाला की त्याला तिची गरज नसते. तिच्या जागी मेलेली चिप बसवायची आणि त्याच्याकडूनच ती लिहून घ्यायची.”

मृदुलाचा हात आपसूक कानामागे गेला. “चालू संगणक म्हणजे मी.”

“हो. तेवढ्यात डुलकी लागली, तर दोघंही गेलात.”

“आणि लिहिलं काय जाणार?”

“तुमचंच. यात प्रोग्रॅम आणि माणूस वेगळे काढता येत नाहीत. पहिला थर तुमचा येईल. मग त्यांच्या आठवणी त्या थराला पुसून टाकतील, असं वाटतं.”

“वाटतं?”

“माणसावर कोणी केलेलं नाही हे.”

मृदुलाने अच्युतच्या निश्चल पापण्यांकडे पाहिले. “काढा.”

चिप निघाली, तिच्या जागी अच्युतची बसली. जगाला काही झाले नाही. फक्त आपल्या नावाखालची जमीन कुणी हलकेच ओढून घेतली, असे तिला वाटले.

“बोलत राहा,” रेणुका म्हणाली. “भेटलात कुठे?”

“वादविवाद स्पर्धेत. हरला, आणि निकालावर अपील केलं त्यानं.”

रेणुका हसली. मृदुलाचे डोळे जड होत होते. शब्द एकेक करून गळत गेले, आणि अखेर तिच्या सबंध असण्याचा एकच टोकदार विचार उरला: तो उठला पाहिजे. कानामागे ओळीमागून ओळ लिहिली जात होती.

चिपा आपापल्या जागी परतल्या. काही वेळाने अच्युतच्या पापण्या हलल्या, उघडल्या. त्याची नजर मृदुलावर येऊन अडखळली, जसे अनोळखी घरात अचानक आरशासमोर यावे. मग त्याच्या घोगऱ्या आवाजात तिचीच काळजी उमटली.

“अच्युत उठला का?”

मृदुला त्याच्या उशाशी बसली. “उठला,” ती म्हणाली.

त्याला ते खरे वाटले नाही. तो खाटेवरून उतरला आणि शेजारच्या खाटांवरची पांघरुणे एकेक करून उचलून पाहू लागला.