भिंतीपलीकडचं स्थळ

समुद्रफेसाचा तुकडा एकच उरला होता, आणि त्याच्यावर हात मात्र दोन पडले. एक तिचा. दुसरा लांब बोटांचा, अंगठ्यावर तेलाचा पुसट डाग असलेला. पक्ष्यांच्या खाद्याच्या त्या अरुंद दुकानात दोघांचे खांदे जवळजवळ एकमेकांना लागत होते.

"आधी मी पाहिला," ती म्हणाली.

"आधी मी उचलला."

"माझ्याकडे चाळीस माद्या आहेत. महिन्याभरात अंडी घालतील. हे कुरतडायला मिळालं नाही तर कवचं कागदासारखी होतात, माहितीये?"

"माहितीये." त्याने तुकडा मोडला आणि मोठा भाग तिच्या पिशवीत टाकला. "माझ्याकडे एकच आहे. त्याला एवढा पुरे."

"एकच? जोडी नाही?"

"जोडीचं भाग्य... सगळ्यांचं कुठे असतं?"

तो हसला आणि छत्री न उघडताच भुरभुर पावसात निघून गेला. "घड्याळजी आहे," दुकानदार न विचारता म्हणाला, "तुमच्या मागच्याच गल्लीतला." तिने 'असेल' म्हणून मान उडवली, पण घरी पोचेपर्यंत ती लांब बोटं काही डोळ्यांपुढून हलली नाहीत.

फिंच हे चिमुकले गाणारे पक्षी पाळणाऱ्या घरात विणीच्या हंगामाआधीचे दोन महिने म्हणजे मुलामुलींचं वसतिगृहच. नर एकीकडे, माद्या दुसरीकडे. मोड आलेले दाणे, उकडलेलं अंडं, हिरवा पाला, दिवा रोज थोडा जास्त वेळ... सगळं लाडानं द्यायचं, भेट तेवढी होऊ द्यायची नाही. आवाजसुद्धा कानावर पडता कामा नये. तिचे बाबा म्हणायचे, "फिंचची मादी कानानं लग्न करते. एक आवाज मनात बसला की मग सोन्याचा नर आणून ठेवा, ढुंकून बघणार नाही." या वर्षी बाबांच्या गुडघ्यांनी संप केला होता, आणि जोड्या लावायचं काम पहिल्यांदाच तिच्या एकटीवर आलं होतं. नरांपासून लांब म्हणून तिने माद्या मागच्या खोलीत नेल्या. भिंतीपलीकडे कोण आहे, हे पाहायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

आणि तिथेच सगळं बिनसलं.

रोज दुपारी चार वाजले की चाळीसही माद्या गप्प व्हायच्या. खालच्या दांडीवर येऊन ओळीनं बसायच्या, सगळ्यांची तोंडं मागच्या भिंतीकडे, सगळ्यांच्या माना एकाच बाजूला कललेल्या. पहिल्या दिवशी तिला हसू आलं. तिसऱ्या दिवशी अंगावर काटा आला. तिने भिंतीला कान लावला. भिंत बर्फासारखी गार होती, आणि आतून बारीक आवाज येत होता... तीन आखूड सूर, एक लांब, आणि शेवटी उचकी लागावी तसा एक तुटका. नराचं गाणं. पायात हिरवं कडं असलेली तिची सगळ्यात गुणी मादी, हिरवी, ते ऐकताना नुसती थरथरत होती. त्या दिवसापासून हिरवीनं दाणा सोडला.

दुसऱ्या दिवशी ती ओढणी खोचून मागच्या गल्लीत गेली. भिंतीचा मालक डोळ्याला भिंग लावून घड्याळावर वाकला होता.

"तुमच्या मुलानं माझ्या मुलीला नादी लावलंय," ती दारातूनच म्हणाली.

भिंग टेबलावर पडलं. "तुम्ही... ऐकलंत?"

"मी एकटीच नाही, चाळीसजणी ऐकतायत. आता निदान स्थळ तरी दाखवा. रंगानं कसा आहे, खाऊनपिऊन बरा आहे ना..."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. "या," एवढंच म्हणाला आणि तिला आतल्या खोलीत घेऊन गेला.

भिंतीलगत मोठा पिंजरा होता. दाराला तार गुंडाळलेली. आत ताजे दाणे, स्वच्छ पाणी, आणि तो समुद्रफेसाचा तुकडा – चोचीच्या ताज्या खुणा असलेला. पक्षी नव्हता.

"कुठे आहे?"

"दोन वर्षांपूर्वी गेला. माझे बाबा गेले त्यानंतर आठव्या दिवशी. गाणं त्याला बाबांनीच शिकवलं होतं, शीळ घालून."

बाहेर दुकानातली घड्याळं एकामागून एक चार ठोके देऊ लागली. शेवटचा ठोका विरला, आणि रिकाम्या पिंजऱ्यातली दांडी किंचित खाली वाकली. मग गाणं सुरू झालं. तीन आखूड, एक लांब, एक तुटका. तिने त्याची बाही कधी धरली, तिलाच कळलं नाही.

"बहीण एकदा ऐकून गेली, ती पुन्हा आली नाही," तो हळूच म्हणाला. "कारागीर तर चपला टाकून पळाला. तुम्हीही जाल. साहजिक आहे."

ती गेलीच. खरं सांगायचं तर धूम ठोकली. पण दुसऱ्या दिवशी चारला दहा कमी असताना ती पुन्हा त्याच्या दारात उभी होती.

"चपला न्यायला आलात?"

"चपला पायात आहेत माझ्या. मुलगी जेवत नाही, म्हणून आलेय."

"फक्त... तेवढ्यासाठी?"

"तेवढ्यासाठीच," ती म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले.

मग ती रोज येऊ लागली. दोघं पिंजऱ्यासमोर स्टुलांवर बसायची. तो तिला घड्याळांच्या तक्रारी सांगायचा, ती त्याला माद्यांच्या. भीती जात नव्हती. रोज चारला तिच्या मानेवरचे केस उभे राहायचे, आणि रोज तो आपलं स्टूल तिच्या स्टुलाजवळ जरा सरकवायचा. पण हिरवी झुरत चालली होती. हातात घेतली की छातीचं हाड बोटाला टोचायचं.

"तिला आत सोडू या," शेवटी ती म्हणाली. "तिनं कौल दिलाय. आपण कोण अडवणार?"

"नको." त्याचा चेहरा उतरला. "हे दार मी उघडतच नाही. दाणे, पाणी, सगळं वरच्या खिडकीतून. उघडलं आणि तो निघून गेला तर? बाबांचं तेवढंच राहिलंय माझ्याजवळ."

ती उठता उठता म्हणाली, "नाही म्हणालात तरी मी उद्या येणारच आहे." बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं. त्यालाही कळलं.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या हातांनी तार सोडली. दार उघडताच गार वाऱ्याची एक झुळूक दोघांच्या गालांवरून गेली. खिडक्या तर बंद होत्या. तिने हिरवीला आत सोडलं, वेताची टोपली टांगली, तळाला सुकं गवत पसरलं. चार वाजले, सव्वाचार झाले... गाणं झालं नाही.

"गेला बहुतेक," तो म्हणाला आणि किल्ली दिलेल्या घड्याळालाच पुन्हा किल्ली देत बसला. त्याने तिला एका शब्दानं बोल लावला नाही. तेच तिला सहन झालं नाही. तीन दिवस ती त्या गल्लीत फिरकली नाही.

चौथ्या दिवशी दारावर थाप पडली. बाबा लंगडत गेले. "कोण?"

"मुलाकडचा," बाहेरून आवाज आला.

"अगं, मुलाकडचे आलेत म्हणे!" बाबा ओरडले. "मला कुणी काही सांगतं का या घरात?"

ती धावत घड्याळजीमागे त्याच्या घरी गेली. हिरवी टुमटुमीत होऊन टोपलीत बसली होती, आणि टोपलीवर गवताचा घुमट विणलेला होता. मादी काड्या वाहत नाही. काड्या आणतो तो नर.

पाच अंडी झाली. हिरवी उबवायला बसली, त्याच्या सातव्या दिवशी दोघांनी खोलीची दारं-खिडक्या लावल्या आणि एक अंडं टॉर्चवर धरलं. नराशिवाय घातलेलं अंडं आतून पाण्यासारखं निर्मळ दिसतं. दोघांची डोकी एकमेकांना टेकली. आत केसाएवढ्या तांबड्या रेषा पसरल्या होत्या, आणि मधे एक ठिपका धडधडत होता.

"असं होत नाही," ती पुटपुटली. "असं कधीच होत नाही."

"माहितीये."

शेजारी हिरवी दांडीवर जरा बाजूला सरकली, कुणाला तरी जागा करून दिल्यासारखी.

तिने अंडं अलगद टोपलीत ठेवलं. तो तिच्याकडे न पाहता बोलत राहिला. "आता जाशील ना? जा. फक्त सांगून जा. दोन वर्षं एकटा राहिलो या घरात, मला कधी भीती वाटली नाही. पण तू गेलीस तर... वाटेल. ते तीन दिवस वाटली."

"मलाही वाटते. अंग कापतंय माझं," ती म्हणाली. "पण पाय दाराकडे वळत नाहीत हो... काय करू?"

"नको वळवूस."

तिने हात पुढे केला. तो गार पडला होता. त्याचाही गारच होता, आणि दोन्ही गरम व्हायला बराच वेळ लागला.