बिनकानाचा कप

राजसनं मला शब्द दिला होता की शनिवारी आईला सगळं सांगतो. त्याची आई, जयंतीकाकू, गुरुवारी पुण्याला परत जाणार होत्या. इकडे कॅनडात, स्कारबरोतल्या त्याच्या काँडोत, म्हणजे फ्लॅटवर, त्या सहा आठवडे राहिल्या, माझ्या हातची भाकरी खाल्ली, "मुलगी गुणाची आहे हो," असंही म्हणाल्या. पण आम्ही लग्न करणार आहोत हे त्यांना माहीत नव्हतं, आणि माझं आडनावही. तो विषय निघाला की राजसला नेमकी ग्रोसरी आठवायची.

"बाहेर कुठेतरी नेऊ. तिचा मूड चांगला असतो तेव्हा," तो म्हणाला.

२०१७चा उन्हाळा. कॅनडाला दीडशे वर्षं झाली म्हणून कुठे कुठे तिकीट माफ होतं. गाडीनं दीड तासावर, तळ्याकाठच्या एका छोट्या गावात, तिथल्या जुन्या मेयरचं घर बघायला खुलं होतं. तिथे गेलो.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधून त्या पुन्हा घडवून दाखवायच्या, यावर माझं पोट चालतं. आमच्या घरी बावीस प्रतिज्ञा भिंतीवर होत्या, भुताखेतांना थारा नव्हता. तेव्हा जे पाहिलं तेवढंच सांगते.

लाल विटांचं दुमजली घर, पांढरा व्हरांडा, आत लाकडाला लावलेल्या मेणाचा वास. दारातच भेट देणाऱ्यांची वही होती. राजसनं पेन उचललं आणि तिघांची नावं इंग्रजीत स्वतःच लिहिली. जयंती गोखले. राजस गोखले. स्वाती देशमुख.

"हे काय?" मी हळूच विचारलं.

"इथे नको ना यार. लंचला सांगतो, प्रॉमिस."

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. फरक एवढाच, की भांडं म्हणजे मी होते.

पांढऱ्या केसांच्या गाइडबाई हसत पुढे आल्या. "टू ऑफ यू?"

"थ्री," राजस म्हणाला.

"लव्हली. टू," असं म्हणून त्यांनी दोन माहितीपत्रकं दिली.

वय झालंय बिचारीचं, असं मला वाटलं. मग मोठ्या जिन्यापाशी त्यांनी आडवी मखमली दोरी सोडली, काकूंना आणि राजसला वर घेतलं आणि दोरी माझ्या पोटासमोर परत अडकवली. मी "एक्सक्यूज मी" म्हटलं. बाईंनी माझ्या दिशेनं पाहिलं, पण त्यांची नजर मागच्या घड्याळावर होती. राजस वर गेला. त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही.

बाजूच्या बोळातून नोकरांचा अरुंद जिना दिसला. त्याच्या शेजारी मागचं स्वयंपाकघर, तिथे दगडी सिंक आणि भिंतीवर घंटांची रांग. मी आत गेले. कोणी नव्हतं. बाहेरून आवाज येत होता. एक लांब फराटा, मग थांबा. परत एक लांब फराटा.

खराटा.

माझी आजी, कांताबाई, आमच्या गावच्या नगराध्यक्षांच्या बंगल्यावर वीस वर्षं अंगण झाडायची. सहा वर्षांची असताना मी तिच्याबरोबर जायचे. पुढच्या फाटकानं नाही, मागच्या. झाडून झालं की तिला चहा मिळायचा, वरून ओतलेला. मागच्या दाराच्या कट्ट्यावर तिचा कप पालथा असायचा. पांढरा, निळ्या काठाचा, कान तुटलेला. घरातल्या कपांत मिसळू नये म्हणून बंगलेवालीनं त्याच्या बुडाला लाल ऑइलपेंटचा ठिपका दिला होता. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. राजसला तर नाहीच. लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून स्वतःचा रागही यायचा.

मी खिडकीतून पाहिलं. मागच्या अंगणातल्या रेतीवर अर्धगोल फराटे उमटलेले होते, एकाला एक लागून, ताजे. झाडणारं कोणीच नव्हतं.

खिडकीच्या कट्ट्यावर एक कप पालथा होता. पांढरा, निळ्या काठाचा, बिनकानाचा.

मी तो उचलला. आतून ओला होता, नुकताच विसळलेला. बुडाला लाल ठिपका होता, जुना, पोपडे निघालेला.

कप होता तसा ठेवला आणि बाहेर दारापाशी, वहीकडे आले. आजीला कोणी नाव विचारलं नव्हतं. मला विचारत होते, आणि मी दुसऱ्याचं लिहू देत होते. मी पेन घेतलं, 'देशमुख' खोडलं आणि कागद फाटेल इतकं दाबून लिहिलं: स्वाती धोंडिबा कांबळे. मराठीतच.

मागे काकू उभ्या होत्या, राजसबरोबर वरून उतरून आलेल्या. त्यांनी चष्मा लावला. शांतपणे वाचलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या. मग राजसकडे बघून, "आम्ही काही मानत नाही हो तसलं."

राजस बुटांकडे बघत होता.

"राजस, बोल ना. आता तरी सांग!" मी म्हटलं.

"चला, पार्किंगची वेळ संपेल," तो म्हणाला.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे मला माहीत होतं. तो याच्याही अंगात आहे, हे माहीत नव्हतं. परतताना गाडीत काकूंची पर्स मागच्या सीटवर माझ्या मांडीवर होती, उघडीच. तिच्यात चष्म्याचं घर आणि सुपारीची डबी होती. दुसरं काही नव्हतं.

काँडोत शिरल्या शिरल्या काकूंनी चहा टाकला. मी म्हटलं, मी निघते. "असं कसं, चहा घेऊन जा," त्या गोड आवाजात म्हणाल्या.

ट्रे आला. राजसचा नेहमीचा मग. काकूंचा नेहमीचा मग.

माझ्यापुढे ठेवला तो पांढरा होता. निळ्या काठाचा. कान नव्हता.

"काकू, हा कुठला कप?"

"कुठला म्हणजे? सगळे सारखेच तर आहेत."

मी राजसकडे पाहिलं. त्यानं कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पी ना," तो म्हणाला. "गार होतोय."

मी कप दोन्ही हातांनी उचलला आणि बुडाला बोट लावलं.

बोट लाल झालं. रंग अजून ओला होता.