गाडी कुठे लावायची?

कालवा काही फार रुंद नव्हता. पण मधे पाणी होतं आणि पूल नव्हता, एवढं पुरेसं होतं. ती या काठावर उभी होती, मोबाइलवरचा बाण सरळ पलीकडे दाखवत होता, आणि पलीकडच्या काठावर, बाणाच्या अगदी टोकाला, एक माणूस दगडावर बसून सफरचंद खात होता.

"अहो," तिने हाक मारली, "तिकडे यायचं कसं?"

"आलात तशा परत जा आणि बरोबर वाटेने या."

"बरोबर वाट कुठली?"

तो खाता खाता थांबला. "ते सांगितलं तर मग शोधायचं काय उरलं?"

"म्हणजे डबा तुम्हीच लपवलाय."

"मी कासव."

"शोभतं नाव. मी मुंगी."

"मग या की पोहत."

"मुंग्या पोहत नाहीत, चावतात," ती म्हणाली आणि पाठ फिरवून चालू लागली. लांबचा फेरा घेऊन ती पलीकडे पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तो अजून तिथेच बसला होता. दुसरं सफरचंद त्याने तिच्यासाठी राखून ठेवलं होतं.

हा खेळ सोपा आहे. कुणीतरी एक डबा लपवायचा आणि त्याची जागा अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांत इंटरनेटवर खेळाच्या पानावर टाकायची. बाकीच्यांनी मोबाइल घेऊन तो हुडकायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचं, डबा होता तसा ठेवायचा. खेळात खरं नाव कुणी सांगत नाही. भांडण आहे ते वेगळ्याच गोष्टीवरून. डब्याची जागा तर सांगितली, पण गाडी कुठे लावायची आणि पायवाट कुठून सुरू होते, हेही लपवणाऱ्याने सांगावं की नाही? मोबाइल नाकासमोरचं अंतर दाखवतो. मधे कालवा आहे, भिंत आहे की कुणाचं खवळलेलं कुत्रं, ते त्याला कळत नाही.

मुंगी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. तिचं म्हणणं सरळ होतं. "सांगायलाच हवं. नंबर न सांगता चष्मा करून मागण्यासारखं आहे हे."

कासव लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "आठवडाभर मी लोकांना बसल्या जागी वर पोचवतो. सुट्टीच्या दिवशी तरी त्यांना पायांनी जाऊ द्या."

ती त्याच्या प्रत्येक डब्याखाली तक्रार लिहायची आणि तो प्रत्येक तक्रारीखाली हसरा चेहरा टाकायचा. मग एकदा त्याने खाली आपला नंबर लिहिला आणि पुढे एवढंच – अडकलात तर फोन करा. ती अडकली. पुढच्या रविवारीही अडकली. नंतर नंतर तर इतक्या ठिकाणी अडकायला लागली, की खरोखर अडकते की हौसेने, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"डावीकडे काय दिसतंय?"

"एक बकरी. माझ्याकडे बघतेय."

"ती सगळ्यांकडेच बघते. तिच्या मागून ये."

"आणि तिने शिंग मारलं तर?"

"तर मी येतो. पण... शक्यतो मारून घेऊ नकोस."

त्या दिवशी तो तिला पहिल्यांदा 'तू' म्हणाला. तुम्हीवरून तूवर यायला हिवाळ्याचा उन्हाळा झाला होता. ती ताईकडेच राहायची; रात्री भांडी विसळताना एकटीच हसली, तेव्हा ताईने तिच्याकडे आणि मग भावोजींकडे पाहिलं, आणि भावोजींनी वर्तमानपत्रात तोंड घातलं.

मग एक रविवार असा आला, की त्याचा फोन लागेना. लावला की व्यस्त, पुन्हा लावला तरी व्यस्त. ती तारेच्या कुंपणाशी ताटकळत उभी राहिली आणि शेवटी डबा न शोधताच घरी परतली. कामाचा फोन असेल, तिने मनाची समजूत घातली.

पुढच्याच आठवड्यात कासवाचा नवा डबा आला. तिने पान उघडलं आणि तिचा डोळ्यांवर विश्वास बसेना. खाली दोन ओळी होत्या. गाडी इथे लावा. पायवाट इथून सुरू होते. दोन्हींचे आकडे, अगदी काटेकोर. तिला इतका आनंद झाला की हातातली काच निसटता निसटता राहिली. ऐकलं म्हणजे माझं. एकदाचं ऐकलं.

मग तिने त्याखालचं वाचलं. चांदणी नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं – 'कासवा, दिलेला शब्द पाळलास. गाडी लावली आणि गाणं गुणगुणत पोचले. थँक्यू रे.'

रे.

ती दोन अक्षरं... छे, एकच अक्षर ते. पण दिवसभर डोळ्यात कुसळ गेल्यासारखं खुपत राहिलं. हिला शब्द दिला होता? कधी? हिवाळ्यापासून घसा मी कोरडा करायचा, आणि ही कोण कुठली आली नि आल्या आल्या तिच्यासाठी गालिचा अंथरला.

कोण कुठली ते लवकरच कळलं. खेळणाऱ्यांची महिन्याची बैठक एका चहाच्या दुकानात भरायची. चांदणी दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती, हसली की गालाला खळी पडायची, आणि बूट पांढरेशुभ्र. या खेळात पांढरे बूट. कासव तिला मोबाइलवर काहीतरी दाखवत होता आणि ती मान तिरकी करून बघत होती... इतकी तिरकी करायची काही गरज नव्हती.

"हल्ली वाटा सांगतोस म्हणे," मुंगी खुर्ची ओढत म्हणाली.

"सांगतो की. तुझंच म्हणणं होतं ना?"

"माझं म्हणणं बरेच दिवस होतं."

"मग?"

"मग काही नाही. साखर दे इकडे."

"मी मागितलं, त्याने दिलं," चांदणी साधेपणाने म्हणाली. "एवढं काय त्यात?"

मुंगीने चहात तीन चमचे साखर घातली. ती बिनसाखरेचा चहा प्यायची. कासव ते बघत राहिला, काहीतरी त्याच्या ओठांवर आलं, आणि त्याने ते चहाबरोबर गिळून टाकलं.

त्यानंतर तिने फोन बंद केला. म्हणजे करायचा बंद केला. वाट तर पानावर लिहिलेलीच असते, आता विचारायचं काय? त्याचाही आला नाही. रविवारी ती घरातली कपाटं आवरू लागली.

"कोण आहे ती?" ताईने विचारलं.

"कोण कोण?"

"जिच्यावरचा राग तू माझ्या चादरींवर काढतेयस."

"ताई, पांढरे बूट घालून कुणी डोंगर चढतं का ग?"

"अग बाई," ताई म्हणाली आणि तिच्या हातातली चादर काढून घेतली. "बुटांपर्यंत गेलं का प्रकरण?"

आणि मग मुंगीने ते केलं, जे दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिने पानभर तक्रार लिहिली असती. गावाबाहेर लाकडाची एक बंद वखार होती. तिच्या मागे उंचवट्यावर एक वठलेलं झाड होतं. तिने आयुष्यातला पहिला डबा त्या झाडाच्या ढोलीत लपवला. वखारीच्या फाटकातून सुरेख कोरडी वाट होती. पण मोठ्या रस्त्याने येणाऱ्याला बाण दुसऱ्या बाजूने बोलवायचा, आणि त्या बाजूला लव्हाळ्यात झाकलेली दलदल होती. ती दलदल जीव घ्यायची नाही, पण बूट नक्की घ्यायची. तिने डब्याचे आकडे टाकले, गाडीचे नाही, वाटेचे नाही. वर लिहिलं – ज्याची वाट त्याने शोधावी. लिहिताना ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळ्यांपुढे होता फक्त एक पांढरा बूट, घोट्यापर्यंत बुडालेला.

शनिवारी दुपारी पानावर चांदणीचं नाव झळकलं – 'निघाले.'

मुंगीला गुदगुल्या झाल्या. मग तिने एका आजोबांच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. काढली, पुन्हा तशीच बसवली. पडली-बिडली तर? पाय मुरगळला तर? आणि अडकली की ती फोन कुणाला करेल... हा विचार आला मात्र, मुंगीने मालकांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि स्कूटरला किक मारली. आता ती चांदणीला वाचवायला निघाली होती की तो फोन होऊ नये म्हणून, हे विचारू नये.

पावसाची बारीक बुरबुर सुरू झाली होती. तिने स्कूटर फाटकाशी टाकली आणि पळतच उंचवटा गाठला. झाडापाशी चांदणी उभी होती. कोरडी, आणि बूट दुधासारखे.

"तुम्ही कशा पोचलात?" मुंगीने धापा टाकत विचारलं.

"वखारीच्या राखणदाराला विचारलं, वाट कुठून आहे. त्याने दाखवली." चांदणीने खाली बोट केलं. "ह्याला मात्र विचारावंसं वाटलं नाही."

खाली लव्हाळ्यात कासव उभा होता. गुडघ्यापर्यंत रुतलेला, एक बूट हातात, दुसऱ्याचा पत्ता नाही.

"तू?" मुंगी ओरडली. "तुला कळलं नाही पुढे चिखल आहे ते? तुला?"

"कळलं ना."

"मग आत कशाला शिरलास?"

"म्हटलं, डबा तुझा आहे," तो खालून म्हणाला. "तू वेगळी वाट लिहिली नाहीस, म्हणजे सरळ चाललं तर पोचत असणार. तू कुणाला फसवणार नाहीस."

मुंगीला ते झोंबलं. एवढ्या दिवसांत तिला इतकं लागेल असं तो काही बोलला नव्हता, आणि हे तर तो कौतुकाने बोलला होता.

"मी निघते," चांदणी म्हणाली. तिने कागदावर नाव लिहून डबा ढोलीत ठेवला आणि जाता जाता मुंगीपाशी घुटमळली. "मी शेतात अडकले होते तेव्हा ह्याला एकदा फोन केला, अर्धा तास बोलले. आवाज आवडला होता मला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, तुला गाडीची जागा देतो, वाट देतो, काय हवं ते लिहून देतो, पण रविवारी फोन करू नकोस, मला लाइन मोकळी ठेवायची असते." ती हसली, पण खळी नीट पडली नाही. "मला वाटलं, ह्याची आई आजारी असेल."

ती गेली. मुंगी उतारावरून खाली आली, काठाच्या दगडावर पाय रोवून तिने हात पुढे केला आणि सगळा जोर लावून त्याला ओढलं. तो आला, आणि येताना तिलाही चिखलात बसवून आला.

दोघं तशीच बसली. पाऊस लव्हाळ्यावर टिपटिपत होता.

"फसवलंच मी," ती म्हणाली. "मुद्दाम वाट लिहिली नाही. हा चिखल तिच्यासाठी होता."

"तिच्यासाठी का?"

"तू तिला वाट सांगितलीस म्हणून."

"अग, मी सगळ्यांनाच सांगितली. कुणी मला फोन करू नये म्हणून. तुझ्याशिवाय." त्याने हातातल्या बुटातलं पाणी ओतलं. "आणि तूच बंद केलास. म्हटलं, हिला वाटच हवी होती. मिळाली, काम झालं."

"मला वाट नको होती."

"मग काय हवं होतं?"

ती बोटाने चिखल खरवडू लागली. तो तिच्याकडे बघत राहिला, कपाळावर ओले केस, गालावर चिखलाचा फराटा, आणि थांबायची पूर्ण तयारी.

"तू जळत होतीस?"

"नाही."

"थोडी?"

"थोडी नाही," ती म्हणाली. "पुष्कळ. तिच्या बुटांवर, खळीवर, त्या 'रे'वर. मला तू हवा आहेस, आणि रविवारपुरता नको. झालं समाधान?"

"झालं," तो म्हणाला, इतक्या हळू, की तिला ऐकायला जवळ सरकावं लागलं. आणि सरकल्यावर मग तिथून उठायची घाई दोघांनाही नव्हती.

पाऊस वाढला तेव्हा कुठे ती उठली. फाटकाशी येऊन तिने ओल्या बोटांनी मोबाइल काढला आणि आपल्या डब्याच्या पानावर दोन ओळी लिहिल्या – गाडी वखारीच्या फाटकाशी लावा. वाट तिथूनच सुरू होते. मग तिने स्कूटर चालू केली. तो मागे बसला, अनवाणी, दोन्ही हात हवेत धरून, तिच्या कपड्यांना आणखी चिखल लागू नये म्हणून.

"रस्ता खराब आहे," ती म्हणाली. "धरून बस."

"कुठे धरू?"

"तेही मीच सांगायचं का?"

"नको," तो म्हणाला. "एवढं माझं मी शोधतो."