सव्वादहाचा एरर

वरद पहिल्यांदा टेबलाशी आला, तेव्हा इरावतीने त्याच्याकडे धड पाहिलंसुद्धा नव्हतं. ती कॉम्प्युटरवर डाफरत होती. परळच्या त्या औषधकंपनीत रुजू होऊन तिला दोनच दिवस झाले होते आणि नमुन्यांच्या नोंदींचं जुनाट सॉफ्टवेअर उघडायलाच तयार नव्हतं.

"या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाही म्हणतंय! माझं काम, माझा कॉम्प्युटर, आणि मलाच परवानगी नाही?"

"इथे कोणालाच नसते, मॅडम. ॲडमिनचा पासवर्ड फक्त आम्हा आयटीवाल्यांकडे." तो हसला. "जरा... तिकडे बघता?"

कोणी पासवर्ड टाकत असलं की तोंड फिरवायचं, हा ऑफिसचा शिरस्ता. इरावती खिडकीकडे वळली. काचेत त्याचा चेहरा दिसत होता. टाइप करताना त्याचे ओठ किंचित हलत होते... आणि ती बघतच राहिली.

मग ते रोजचंच झालं. कॉम्प्युटर नव्याने सुरू केला की तोच एरर. सव्वादहाला तिचा फोन, पाच मिनिटांत वरद हजर. येताना कधी आवळासुपारी, कधी शिवाजी पार्कातल्या नेट्सच्या बढाया.

"आज किती विकेट्स?"

"एक."

"आणि काल?"

"काल... पाऊस होता."

"मग इथे परळला कसा नव्हता?"

अख्ख्या मजल्याला सगळं कळलं होतं. शेजारच्या बकुळाताई तर दहा वाजून चौदा मिनिटांनी स्वतःच फोन तिच्याकडे सरकवायच्या. या दोघांची मात्र जीभ रेटत नव्हती.

आठ महिन्यांनी, एका शुक्रवारी वरद न बोलावताच आला.

"सोमवारपासून मी रे रोडच्या गोदामात. कायमचा." तो खुर्ची ओढून बसला. "म्हटलं, जाण्याआधी हे एकदाचं मिटवून टाकावं."

त्याने कीबोर्ड पुढे ओढला. ती सवयीने खिडकीकडे वळली. काचेतला चेहरा आज हसत नव्हता.

"झालं. या फोल्डरवर तुम्हाला लिहायची परवानगी दिलीय. आता एरर येणार नाही."

"एवढंच होतं?"

"हो. दोन मिनिटांचं काम."

"मग आठ महिने का नाही केलंत?"

वरदचे कान लाल झाले. "राहून गेलं..." एवढंच पुटपुटत तो उठला. थांबा म्हणावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं — पण तो गेलासुद्धा.

सोमवारी सॉफ्टवेअर पहिल्याच क्लिकला उघडलं. बकुळाताईंनी फोन सरकवला, मग आठवून परत ओढला. इरावतीला रडूच फुटलं. मंगळवारी तेच. नोंदी भराभर होत होत्या आणि सकाळ काही केल्या सरत नव्हती. बुधवारी सव्वादहाला तिनेच फोन ओढून घेतला.

"हॅलो, रे रोड आयटी."

"एरर येत नाहीये," ती म्हणाली.

"मग... चांगलंच आहे की, मॅडम."

"अजिबात चांगलं नाही! सव्वादहा वाजतात आणि तू येत नाहीस. मला तू हवा आहेस, वरद. एरर असो, नसो."

तिने त्याला 'तू' म्हटलं होतं!

"इरावती..." त्याचा आवाज अगदी खाली आला. "तो फोल्डर मी मुद्दामच तसा ठेवला होता गं."

"शुक्रवारीच कळलं मला. किती वाजता सुटतोस?"

"सहाला."

"मी रे रोड स्टेशनबाहेर उभी असेन. आता लगेच फोन ठेवू नकोस... बोल काहीतरी."

बकुळाताई उठल्या आणि शिरस्त्याप्रमाणे खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.